लाख तांदूळ: मोजायचे की तोलायचे?

रुखमाईंनी देवाला एक लाख तांदूळ वाहण्याचा संकल्प केला होता. रोज थोडे दाणे, तेही एकेक मोजून. ते पाहून त्यांचे यजमान नरहरराव भावे यांनी सोपी युक्ती सांगितली. एक तोळा तांदूळ घ्यावेत, त्यातले दाणे मोजावेत, लाखाला किती तोळे लागतील ते काढावे आणि कमी पडू नयेत म्हणून अर्धा तोळा वर टाकावा.

हिशेब पक्का होता. मध्यम आकाराचा दाणा 20 मिलिग्रॅमचा धरला तर तोळ्यात पावणेसहाशेच्या वर दाणे बसतात आणि लाख दाणे सुमारे दोन किलो भरतात. सेकंदाला एक या वेगाने ते मोजायचे तर जवळपास 28 तास लागतील. रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजतानाही हीच रीत असते. थेंबाच्या ठरावीक भागातल्या पेशी मोजायच्या आणि गुणाकार करायचा. सगळे रक्त कोणी मोजत बसत नाही.

रुखमाईंना मात्र हे पटेना आणि उत्तरही सुचेना. त्यांनी ते मुलाला, विन्याला विचारले. गणित हा त्याचा आवडीचा विषय, तेव्हा तो वडिलांच्या बाजूने बोलेल असे कोणालाही वाटले असते. त्याने आईला सांगितले की हे तांदूळ किती आहेत असा प्रश्नच इथे नाही. प्रत्येक दाण्याबरोबर देवाचे स्मरण व्हावे यासाठी ही मोजणी आहे, म्हणून एकेकच मोजावेत. वडिलांचे उत्तर चुकले नव्हते. ते वेगळ्याच प्रश्नाचे होते.

वर्ध्यात आज शेकडो मुले भरती परीक्षांसाठी अंकगणित आणि बुद्धिमापनाचे सराव संच सोडवतात. काळ-काम-वेग, सरासरी, शेकडेवारी. गुण जातात ते बहुधा गुणाकार चुकल्याने नव्हे, तर प्रश्न पुरता न वाचता आकडे उचलल्याने. त्यांच्या जिल्ह्यातल्या पवनारला ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले, तो हा विन्या, म्हणजे विनोबा भावे.

जन्म 11 सप्टेंबर 1895, कुलाबा जिल्ह्यातल्या गागोद्याचा, शिक्षण बडोद्यात. परीक्षांशी त्यांचे जमले नाही. प्रमाणपत्रे त्यांनी आईसमोर चुलीत घातली. मार्च 1916 मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईच्या गाडीत बसले, सुरतेला उतरले आणि काशीची वाट धरली. (परीक्षेच्या तयारीत असलेल्यांनी हा भाग अनुकरणासाठी घेऊ नये.) गणित मात्र सुटले नाही. ईश्वराखालोखाल आपल्याला तेच प्रिय, असे ते सांगत.

जमनालाल बजाज यांच्या आग्रहावरून आश्रम चालवण्यासाठी 8 एप्रिल 1921 रोजी ते वर्ध्यात आले. काही वर्षांनी शेजारच्या नालवाडीला राहायला गेले आणि तिथे त्यांनी एक शाब्दिक उदाहरण स्वतःच्या अंगावर सोडवायला घेतले. सूत कातणाऱ्या बाईला जी मजुरी मिळते, तिच्यावर माणूस जगू शकतो का?

1 सप्टेंबर 1935 पासून ते रोज चार गुंड्या सूत कातू लागले. एका गुंडीत 640 तार, एक तार चार फुटांचा. म्हणजे दिवसाला 10,240 फूट, तीन किलोमीटरहून जास्त सूत. याला साधारण नऊ तास लागत. निम्मा वेळ उजव्या हाताने, निम्मा डाव्या हाताने. भागाकार केला तर मिनिटाला पावणेपाच तार होतात, तेही दिवसभर.

मग जेवण. तेही तोलून: 50 तोळे दूध, 30 तोळे भाजी, 15 ते 20 तोळे गहू, 4 तोळे तेल, शिवाय थोडा गूळ, मध किंवा फळ. आजच्या मापात अंदाजे 580 ग्रॅम दूध, 350 ग्रॅम भाजी, दोनशे ग्रॅमच्या आगेमागे गहू. आहारशास्त्राच्या कोष्टकाने पाहिले तर पंधराशे ते सतराशे किलोकॅलरी. बारीक अंगाच्या, बसून काम करणाऱ्या माणसाला हे जेमतेम. प्रथिने आणि कॅल्शियम दुधामुळे भागतात. पण पेच इथेच होता. त्या वेळच्या दराने नऊ तासांच्या कष्टाची मजुरी एवढ्या साध्या ताटालाही पुरत नव्हती. खादी स्वस्त राहावी म्हणून कातणारीचे पोट कापले जात होते, आणि ही गोष्ट हिशेबाच्या वहीत कुठेच दिसत नव्हती. कातणाऱ्यांना पोटापुरती मजुरी देण्याचे धोरण चरखा संघाने 1935 मध्येच स्वीकारले. माझ्या मते विनोबांनी सोडवलेले सर्वांत मोलाचे गणित हेच.

1937 मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली नयी तालीमची समिती नेमली गेली. विनोबा तिचे सदस्य होते. मुलाने स्वतः कातलेल्या तारांवरून बेरीज, सरासरी, मजुरी शिकावी, हा त्या योजनेचा गाभा होता.

कमी खाणे आणि अति कष्ट यांनी त्यांची प्रकृती ढासळली. 1938 मध्ये ते धाम नदीकाठी पवनारला आले. तिथे खणायला सुरुवात केली तीही हिशेबाने. पहिल्या दिवशी फक्त पाच मिनिटे, मग रोज थोडी वाढ. दहा महिन्यांत वजन सुमारे 40 पौंडांनी वाढले. आजारातून उठलेल्या माणसाला व्यायाम असाच चढत्या मापाने द्यावा, असे आजचे डॉक्टरही सांगतात.

1951 नंतरचे गणित देशाएवढे होते. तेलंगणातल्या पोचमपल्लीत भूमिहीन कुटुंबांनी 80 एकर मागितले आणि एका जमीनदाराने 100 एकर देऊ केले. विनोबांनी मांडणी केली: लागवडीची जमीन 30 कोटी एकर, भूमिहीनांना हवी 5 कोटी, म्हणजे सहावा हिस्सा. घरात पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा. तेरा वर्षे ते चालत राहिले आणि सुमारे 42 लाख एकर मिळाले. उद्दिष्टाच्या साडेआठ टक्के, त्यातही पुष्कळ जमीन खडकाळ किंवा वादातली. इथे भागाकार बरोबर होता. प्रत्येक घर सहावा मुलगा मानेल, हे गृहीत चुकले.

1964 मध्ये ते पवनारला परतले. नोव्हेंबर 1982 मध्ये आजारपणात त्यांनी अन्न, पाणी आणि औषध सोडले. 15 नोव्हेंबरला त्याच आश्रमात त्यांचे निधन झाले.