न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे : तंटा मिटविणारा न्यायाधीश

न्यायासनावर बसून निकाल देणारे पुष्कळ झाले. परंतु तंटा न्यायासनापर्यंत पोहोचूच नये म्हणून झटणारा न्यायाधीश विरळा. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे नाव समाजसुधारक, अर्थशास्त्रज्ञ व इतिहासकार म्हणून घरोघरी परिचित आहे. त्यांच्या चरित्राची दुसरी एक बाजू आमच्या वाचकबंधुभगिनींपुढे ठेवावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे झाला. बालपण कोल्हापुरात गेले. १८५९ साली मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक परीक्षा झाली, तीत उत्तीर्ण झालेल्या २१ विद्यार्थ्यांत ते होते. पुढे एम. ए. व १८६६ मध्ये एल्एल. बी. होऊन, काही काळ एल्फिन्स्टन कॉलेजात अध्यापन करून, १८७१ च्या अखेरीस ते पुण्यास सबजज्ज म्हणून आले.

पुण्यात त्या वेळी सार्वजनिक सभा नुकतीच उदयास आली होती. १८७० मध्ये स्थापन झालेल्या या सभेचे प्राण म्हणजे गणेश वासुदेव जोशी, अर्थात सार्वजनिक काका. रानडे सरकारी नोकर असल्यामुळे सभेचे पद त्यांनी घेतले नाही. पण सभेच्या विचारांमागे त्यांचीच बुद्धी होती, हे सर्वश्रुत आहे. कोर्टाचा खर्च व विलंब यांनी लोक नाडले जातात हे पाहून सभेच्या मंडळींनी त्याच दशकात पुण्यास लवाद कोर्ट सुरू केले. उभय पक्षांनी राजीखुशीने पंच मानावेत, पंचांनी दोघांचे ऐकून निवाडा द्यावा आणि तो दोघांनी पाळावा, अशी ही साधी व्यवस्था होती. आपल्या देशात गोतसभा व पंचायत यांची परंपरा जुनीच. तिला काकांनी व रानड्यांनी नवे रूप दिले, आणि दुसऱ्या काही गावांनीही तिचा कित्ता गिरविला.

इतक्यात १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला. दंग्याचे लोण नगर जिल्ह्यापर्यंत गेले. शेतकऱ्यांचा रोख सावकारांच्या जिवापेक्षा त्यांच्या दप्तरावर अधिक होता. खते व हुकूमनामे हिसकावून जाळण्यात आले. कोर्टात कूळ बहुधा हजरच नसे, एकतर्फी हुकूमनामा होई आणि जमीन हातची जाई. ज्या न्यायालयाच्या कागदालाच लोक आग लावतात, तेथे न्यायाची रीतच बदलली पाहिजे, हा धडा सरकारला मिळाला. त्यातूनच १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांच्या दुःखनिवारणाचा कायदा झाला. तो प्रथम पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला.

या कायद्याने न्यायाधीशास कर्जरोख्याच्या मागे जाऊन मूळ हिशेब तपासण्याचा अधिकार मिळाला. देण्यापायी शेतकऱ्यास तुरुंगात टाकणे बंद झाले. लहान दाव्यांसाठी गावमुनसफ नेमले गेले. आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची तरतूद मात्र निराळीच होती. शेतकऱ्यावर दावा लावण्यापूर्वी सरकारने नेमलेल्या समेट घडविणाऱ्या गृहस्थाकडे जावे लागे. समेट झाल्यास तो कोर्टात दाखल होऊन हुकूमनाम्याचे बळ पावे. न झाल्यास तसा दाखला घेऊनच फिर्याद करता येई.

त्याच १८७९ साली वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडामुळे सरकारची रानड्यांवर वक्रदृष्टी झाली व त्यांची बदली धुळ्यास झाली. रानड्यांनी ना कुरकुर केली, ना काम सोडले. दोनच वर्षांनी, १८८१ मध्ये, याच कायद्याखाली सहायक स्पेशल जज्ज म्हणून त्यांची नेमणूक झाली, आणि पुढे डॉ. पोलन यांच्या जागी ते स्पेशल जज्ज झाले. आता फिरतीचे दिवस आले. चार जिल्ह्यांतील कनिष्ठ कोर्टे, गावमुनसफ व समेट घडविणारे यांची दप्तरे तपासणे आणि चुकीचे निकाल दुरुस्त करणे हे त्यांचे काम होते. या फिरतीत पत्नी रमाबाई पुष्कळदा बरोबर असत.

ही व्यवस्था निर्दोष नव्हती. समेट घडविणाऱ्याने प्रतिपक्षास बोलवावे, पण येण्याची सक्ती करता येत नसे. त्यामुळे पुष्कळ प्रकरणी समेटाऐवजी नुसता दाखलाच हाती पडे. मध्यस्थ निःस्पृह असेल तेथे काम होई. नसेल तेथे खोळंबा. यावरून आम्ही एवढेच म्हणू, की कायदा मध्यस्थाची खुर्ची देऊ शकतो, विश्वास देऊ शकत नाही. तो ज्याचा त्यानेच मिळवावा लागतो.

रानड्यांचा स्वभावच सामोपचाराचा होता. १८९० च्या पंचहौद मिशनमधील चहाच्या प्रकरणी त्यांनी पुढे प्रायश्चित्त घेतले, तेव्हा सुधारकांनीही त्यांना दोष दिला. स्नेह्यांच्या घरातील कलह मिटावा म्हणून त्यांनी तो सोसला. ते योग्य की अयोग्य, याविषयी मतभेद आजही आहेत. परंतु समेट करणाऱ्यास दोन्हीकडून बोल ऐकावे लागतात, हे मात्र त्यावरून दिसते. १८९३ मध्ये न्यायमूर्ती तेलंगांच्या निधनानंतर ते हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले, आणि १६ जानेवारी १९०१ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले.

आमचे पूर्णा गाव त्या काळी निजामच्या राज्यात असल्याने हा कायदा येथवर आला नाही. तंटे मात्र येथेही तेच. आमच्या हाताखाली शिकलेले दोन सख्खे भाऊ एका विहिरीच्या पाण्यावरून वर्षानुवर्षे तारखांना जात राहिले. अखेर निकाल लागला तेव्हा वकिलांच्या फीपायी निम्मे शेत विकले गेले होते, आणि बहिणीच्या मुलीच्या लग्नात दोघे दोन पंगतींना बसले. विहीर एकाला मिळाली. भाऊ कोणालाच मिळाला नाही.

आज साधने वाढली आहेत. १९८७ च्या कायद्याने लोकअदालतीस कायदेशीर पाया मिळाला. तेथे झालेल्या तडजोडीवर अपील नाही आणि कोर्ट फी परत मिळते. महाराष्ट्रात २००७ मध्ये तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, आणि २०२३ मध्ये संसदेने मध्यस्थीचा स्वतंत्र कायदा केला. रानड्यांच्या काळी चार जिल्ह्यांपुरती असलेली वाट आता सर्वांसाठी खुली आहे.

तेव्हा ज्ञातिबांधवांना आमची विनंती एवढीच. वाटणी, बांध, पाणी वा सोयरिकीचा वाद उद्भवल्यास वकीलपत्रावर सही करण्यापूर्वी उभयपक्षांस मान्य अशा एखाद्या वडीलधाऱ्या गृहस्थासमोर एकदा बसावे. ज्यांच्याकडे लोक असा विश्वास टाकतील त्यांनीही तो भार टाळू नये. दुर्बलावर अन्याय होत असेल तेथे कोर्टाचे दार अवश्य ठोठवावे. रानड्यांनीही ते कधी बंद केले नाही. पण ते पहिले दार नसावे, एवढे त्यांच्या चरित्रावरून शिकलो तरी पुष्कळ झाले.