कार्ल फालेंटिन

कार्ल फालेंटिन (मूळ नाव: फालेंटिन लुडविग फाय, ४ जून १८८२ – ९ फेब्रुवारी १९४८) हे जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतातील लोकरंगभूमीवरील विनोदी नट, गायक आणि प्रहसनकार होते. आपल्या नावाचा उच्चार ‘व’ने नव्हे, तर ‘फ’ने व्हावा, असा त्यांचा आग्रह असे.

म्युनिकच्या आऊ या उपनगरात त्यांचा जन्म झाला. वडिलांचा घरसामान वाहून नेण्याचा व्यवसाय होता. फालेंटिन मात्र सुतारकाम शिकले. अनेक वाद्ये एकट्याने वाजवता येतील असे अवजड यंत्र त्यांनी स्वतः बनवले आणि ते घेऊन १९०७ मध्ये दौरा काढला. तो साफ फसला. पुढच्याच वर्षी म्युनिकच्या ‘फ्रांकफुर्टर होफ’मध्ये त्यांना पहिले यश लाभले.

तेथेच १९११ मध्ये त्यांची एलिझाबेथ वेलानो यांच्याशी गाठ पडली. ‘लिझल कार्लश्टाट’ या नावाने त्या सुमारे पंचवीस वर्षे त्यांच्या सहकलाकार होत्या आणि पुरुषभूमिकाही लीलया करीत. प्रहसनांच्या जडणघडणीत त्यांचा वाटा मोठा होता. तो पुष्कळदा दुर्लक्षिला जातो.

उंच, काटकुळे शरीर ही फालेंटिन यांची ओळख असली, तरी त्यांचा खरा विनोद भाषेत होता. शब्दाचा अर्थ अक्षरशः घेत गेल्याने साधे संभाषणही त्यांच्या प्रहसनांत घोटाळ्यात सापडे. बांधून झालेली पुस्तके बिलासह पाठवू का, एवढेच विचारण्यासाठी दूरध्वनी करणारा त्यांचा पुस्तकबांधणीकार एका विभागाकडून दुसऱ्याकडे टोलवला जातो. प्रत्येकाला तो सारी हकिकत पुन्हा सांगतो आणि उत्तर शेवटपर्यंत मिळत नाही. असा विनोद बव्हेरियन बोलीत इतका रुजलेला आहे की, त्याचे भाषांतर जवळजवळ अशक्य ठरते. नाटककार बेर्टोल्ट ब्रेख्त त्यांचे चाहते होते व त्यांच्या वाद्यवृंदात क्लॅरिनेट वाजवीत. १९२३ मध्ये दोघांनी एका मूकपटासाठी एकत्र काम केले.

१९३४ मध्ये म्युनिकमध्ये उघडलेल्या विचित्र वस्तूंच्या प्रदर्शनात फालेंटिन यांची आणि कार्लश्टाट यांचीही पुंजी बुडाली. १९३६ चा ‘डी एर्बशाफ्ट’ (वारसा) हा त्यांचा चित्रपट दारिद्र्याचे दर्शन घडवतो म्हणून नाझी राजवटीने रोखला. युद्धोत्तर काळात श्रोत्यांच्या तक्रारींमुळे त्यांचे नभोवाणी कार्यक्रमही बंद पडले. अर्धपोटी अवस्थेत, ऐन कार्निव्हलच्या सोमवारी, प्लानेग येथे न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले.

त्यांची हस्तलिखिते म्युनिकने घेतली नाहीत. १९५३ मध्ये ती कोलोनच्या नाट्यसंग्रहाकडे गेली. त्याच वर्षी म्युनिकच्या भाजीबाजारात त्यांच्या नावाचे कारंजे उभारले गेले. १९५९ पासून शहराच्या इझार वेशीत त्यांचे संग्रहालय आहे.