हातातले हँडल सोडविणारा : चार्ल्स केटरिंग

ग्वाल्हेरच्या थंडीशी ज्यांचा परिचय आहे त्यांना पौषातील पहाटेचे वर्णन सांगावयास नको. तंबोऱ्याच्या तारा रात्रीतून स्वर सोडतात, पेटीवर बोटे आखडतात, आणि शिकवणीला येणारी मुले पहिली पंधरा मिनिटे शालीतून हात बाहेर काढीत नाहीत. अशाच एका पहाटेची हकीकत मी वडिलांच्या तोंडून लहानपणी अनेकदा ऐकली. वडील दरबारी गवई. त्यांच्या तरुणपणी मंडळींना बाहेरगावच्या समारंभाला नेण्यासाठी मोटारखान्यातून एक जुनी गाडी येत असे. त्या दिवशी गाडी पार गारठली होती. हँडल मारून मारून ड्रायव्हरचे हात थकले, तेव्हा साथीचे तबलजी उत्साहाने पुढे झाले. एंजिनाने उलटा झटका दिला आणि त्यांचे उजवे मनगट मोडले. हाड सांधले, पण हात पूर्वीसारखा पडला नाही तो नाहीच. मी त्यांना उतारवयात पाहिले आहे. विलंबित ठेका ते अतिशय सुंदर धरीत. लय चढू लागली की मात्र चूप बसत.

मोटारीतले मला फारसे कळत नाही. परंतु त्या मनगटामुळे एक प्रश्न मनात घर करून राहिला होता : हे हँडल माणसाच्या हातून सोडविले कोणी? आपल्याकडचा कोणताही ड्रायव्हर किंवा मिस्त्री ‘सेल्फ मारला’, ‘सेल्फ लागत नाही’ असे दिवसातून दहा वेळा म्हणतो. त्या ‘सेल्फ’मागे ज्या माणसाचे डोके होते, त्या चार्ल्स केटरिंगचे चरित्र मी मिळेल तेथून वाचले. ते आज वाचकांपुढे ठेवीत आहे.

आरंभी हँडलची कथा सांगितली पाहिजे, कारण ती समजल्याशिवाय या माणसाने काय केले ते ध्यानात येणार नाही. अमेरिकेच्या ओहायो आणि मिशिगन या प्रांतांत हिवाळा म्हणजे महिनोन्‌महिने बर्फ. अशा थंडीत एंजिनातले तेल थिजलेल्या तुपासारखे घट्ट होते, पेट्रोलची वाफ धड होत नाही, आणि रेडिएटरमधील पाणी गोठले तर ते आकाराने सुमारे नऊ टक्के फुगून लोखंडी ठोकळा फोडून टाकते. म्हणून लोक रात्री गाडीतले पाणी सोडून देत. कोणी तेलसुद्धा काढून घरात शेगडीजवळ ठेवी. सकाळी कढत पाणी आणि कोमट तेल पुन्हा भरावयाचे, रेडिएटरवर घोंगडी टाकावयाची आणि मग हँडलला हात घालावयाचा. फोर्डच्या प्रसिद्ध ‘मॉडेल टी’ गाडीत तर क्लचच्या चकत्या तेलात बुडालेल्या असत. ते तेल घट्ट झाले की क्लच पुरता सुटेना, आणि हँडल मारता मारता गाडी मालकाच्याच अंगावर चालून येई. म्हणून जाणती माणसे आधी मागचे एक चाक जॅकवर उचलून ठेवीत.

याहून मोठे भय ठिणगीचे. चालू करताना ठिणगी मागे घेणारी दांडी हाकणाऱ्याच्या हाताशी असे. ती मागे घ्यावयास विसरले, तर दट्ट्या वर पोहोचण्यापूर्वीच स्फोट होई आणि हँडल उलटे फिरे. हँडल धरताना अंगठा बोटांच्या विरुद्ध बाजूने गुंडाळू नये, तो बोटांच्याच बाजूला ठेवावा, आणि हँडल खालून वर ओढावे, वरून खाली दाबू नये, असा त्या काळचा दंडक होता. तो न पाळणाऱ्याचे मनगट, अंगठा, प्रसंगी जबडाही जाई. आमच्या तबलजींना हा दंडक कोणी सांगितला नव्हता.

चार्ल्स फ्रँकलिन केटरिंगचा जन्म २९ ऑगस्ट १८७६ रोजी ओहायोमधील लाउडनव्हिल गावाजवळच्या एका शेतकरी कुटुंबात झाला. मुलगा बुद्धीने तल्लख, पण डोळे अधू. थोडा वेळ वाचन केले की डोके दुखू लागे. शिक्षण झाल्यावर तो काही काळ खेडेगावच्या शाळेत मास्तर होता. पुढे विश्वविद्यालयात गेला, तर डोळ्यांनी दगा दिला आणि शिक्षण सोडावे लागले. तेव्हा हा गृहस्थ टेलिफोनच्या तारा टाकणाऱ्या टोळीत सामील झाला. खांब पुरले, तारा ओढल्या. उघड्या हवेतल्या त्या कामात विजेची त्याला गोडी लागली. मग तो पुन्हा विश्वविद्यालयात परतला आणि १९०४ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, विद्युत् शाखेचा पदवीधर झाला. उशिरा शिकणाऱ्या विद्यार्थ्यांबद्दल मला मास्तर म्हणून नेहमीच जिव्हाळा वाटत आला आहे. तो या ठिकाणी दुणावला.

पहिली नोकरी मिळाली ती डेटन शहरातील नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत. दुकानात पैशांचा हिशेब ठेवणारे गल्ल्याचे यंत्र तोपर्यंत हाताने फिरवावे लागे. ते विजेच्या मोटारीने फिरविण्याचे काम केटरिंगकडे आले. अडचण अशी की चोवीस तास फिरणारी मोटार तेथे बसवायची तर ती गल्ल्यापेक्षा मोठी होऊ लागली. केटरिंगने विचार केला : गल्ल्याचा कप्पा उघडावयास क्षणभरच जोर लागतो, मग सारा दिवस राबू शकेल अशी मोटार हवी कशाला? लहानशा मोटारीवर क्षणभर तिच्या कुवतीबाहेरचा भार टाकला तरी तापण्याआधीच तिचे काम संपते. ही साधी गोष्ट तो विसरला नाही.

कंपनीतलाच त्याचा स्नेही एडवर्ड डीड्स याच्या घरामागे एक धान्याचे कोठार होते. नोकरी संपवून रात्री आणि सुटीच्या दिवशी केटरिंग आणि त्याचे सोबती तेथे मोटारगाडीच्या ठिणगीची यंत्रणा सुधारण्याच्या खटपटीत असत. ती साधली आणि कॅडिलॅक कंपनीचा प्रमुख हेन्री लेलँड याने १९०९ मध्ये मोठी मागणी नोंदविली. त्यातून डेटन एंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी, म्हणजे ‘डेल्को’, उभी राहिली.

येथे मोटारवाल्यांत प्रसिद्ध असलेली एक कथा सांगितली जाते. लेलँडचा परिचित बायरन कार्टर हा रस्त्यात बंद पडलेल्या एका स्त्रीची गाडी चालू करून देण्यास थांबला, हँडल उलटले, जबडा मोडला आणि त्यातच तो गेला. ते दुःख मनात धरून लेलँडने हँडल हद्दपार करण्याचे ठरविले. कार्टर १९०८ मध्ये वारला हे खरे. कथेचा बाकीचा भाग अभ्यासकांनी संशयास्पद ठरविला आहे. पण अशी कथा लोकांना खरी वाटावी इतके तसले अपघात त्या वेळी रोजचे होते.

लेलँडने काम केटरिंगवर सोपविले. जाणकारांचे म्हणणे असे की एंजिन फिरविण्याइतकी बलवान विजेची मोटार आणि तिची बॅटरी एंजिनाएवढीच जड होईल. केटरिंगला गल्ल्याचे यंत्र आठवले. एंजिनही काही क्षणच फिरवावयाचे असते! त्याने एकच यंत्र दोन कामांना लावले. आरंभी ते चोवीस व्होल्टवर मोटार होऊन एंजिन फिरवी, आणि एंजिन चालू झाले की तेच डायनॅमो होऊन सहा व्होल्टवर बॅटरी भरी. त्याच विजेवर दिवे लागत आणि ठिणगीही पडे. फेब्रुवारी १९११ मध्ये ही यंत्रणा कॅडिलॅक गाडीवर चालवून दाखविण्यात आली, आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाड्या ती घेऊनच बाजारात आल्या.

परिणाम दूरवर पोहोचला. तोपर्यंत शहरांतील पुष्कळ स्त्रिया विजेवर चालणारी गाडी पसंत करीत, कारण तिला हँडल नव्हते. खुद्द हेन्री फोर्डची पत्नी क्लारा हिच्याकडेही अशीच गाडी होती. सेल्फ आला आणि पेट्रोलची गाडी स्त्रियांना, वृद्धांना, दुबळ्या मनगटाच्या माणसांना एकट्याने बाहेर काढता येऊ लागली. विजेच्या गाडीची सद्दी संपण्यास जी कारणे झाली, त्यांत हे एक मोठे. मात्र गरिबांच्या गाडीपर्यंत ही सोय सावकाश उतरली. ‘मॉडेल टी’ला सेल्फ मिळाला तो १९१९ मध्ये, तोही जादा पैसे मोजून, आणि मालवाहू ट्रकांचे हँडल तर पुढेही कित्येक वर्षे सुटले नाही.

थंडीने सेल्फलाही सहज सोडले असे नाही. पारा शून्याखाली अठरा अंशांवर उतरला की बॅटरीचे बळ निम्म्यावर येते, आणि नेमके तेव्हाच घट्ट तेलामुळे एंजिन अधिक बळ मागते. म्हणून सेल्फ असलेल्या गाड्यांबरोबरही हँडल दीर्घकाळ दिले जाई.

डेल्को पुढे जनरल मोटर्समध्ये विलीन झाली आणि १९२० पासून केटरिंग तिच्या संशोधन विभागाचा मुख्य झाला. आता त्याने हिवाळ्याशी दुसरा सामना मांडला. पाणी गोठते म्हणून एंजिन फुटते. मग पाणीच नको! सिलिंडरभोवती तांब्याचे पंखे जडवून वाऱ्याने थंड होणारे एंजिन त्याने तयार केले. १९२३ च्या आरंभी शेव्हरोले गाडीत ते प्रदर्शनात झळकले. पण गाड्या रस्त्यावर येताच एंजिने तापू लागली, ठोके देऊ लागली, जोर ओसरू लागला. प्रयोगशाळा कारखान्याला दोष देई, कारखाना प्रयोगशाळेला. जूनमध्ये कंपनीने सर्व गाड्या परत बोलाविल्या. केटरिंग इतका खचला की राजीनामा देऊ लागला. आल्फ्रेड स्लोन याने त्याची समजूत घालून ठेवून घेतले. परत न गेलेली एक गाडी हेन्री फोर्डने विकत घेतली होती; ती त्याच्या संग्रहालयात राहिली. पाणी गोठण्याचा प्रश्न सुटला तो दुसऱ्याच वाटेने. पूर्वी रेडिएटरमध्ये घालीत तो मद्यार्क तापल्यावर उडून जाई. १९२७ मध्ये ‘प्रेस्टोन’ नावाने एथिलीन ग्लायकॉल बाजारात आले. ते उडून जात नाही, आणि पाण्यात निम्मे मिसळल्यास उणे पस्तीस अंशांच्याही खाली गोठत नाही.

यापुढचा भाग लिहिताना हात अडखळतो, पण तो वगळला तर चरित्र खोटे होईल. एंजिनाचे ठोके थांबविण्यासाठी केटरिंगच्या हाताखाली थॉमस मिजली औषध शोधीत होता. डिसेंबर १९२१ मध्ये शिशाचा एक संयुग त्याला सापडला. मद्यार्क मिसळल्यानेही ठोके कमी होतात हे त्या प्रयोगशाळेला ठाऊक होते. परंतु शिसे चिमूटभर पुरे आणि त्याच्या पेटंटचे पैसे येणार. १९२३ मध्ये शिसे घातलेले पेट्रोल विकावयास आले. ते विकण्यासाठी १९२४ मध्ये निघालेल्या एथिल कंपनीचा पहिला अध्यक्ष केटरिंगच होता. त्याच वर्षी ऑक्टोबरात न्यू जर्सीतील कारखान्यात पाच कामगार शिशाच्या विषाने भ्रमिष्ट होऊन मेले. अन्यत्रही बळी गेले. काही काळ विक्री थांबली आणि पुन्हा सुरू झाली. पुढे पिढ्यान्‌पिढ्या जगभरच्या रस्त्यांवरील मुलांनी ते शिसे श्वासावाटे घेतले आणि त्यांच्या बुद्धीची हानी झाली. आपल्या देशात ते २००० साली बंद झाले. जगातील अखेरचा देश अल्जीरिया, तेथे २०२१ मध्ये. तबलजींचे एक मनगट गेले तर आम्ही आयुष्यभर हळहळलो. येथे ज्यांचे काय गेले हे त्यांचे त्यांनाही कळले नाही अशांची गणती कोण करणार?

केटरिंग १९४७ पर्यंत संशोधनाचा प्रमुख राहिला. लवकर वाळणारा रंग, रेल्वेचे डिझेल एंजिन अशी त्याच्या हाताखालची कामे पुष्कळ आहेत. त्याच्या नावावर १८६ पेटंटे आहेत. १९४५ मध्ये त्याच्या आणि स्लोनच्या नावाने कर्करोगाची संशोधनसंस्था न्यूयॉर्कमध्ये स्थापन झाली. २५ नोव्हेंबर १९५८ रोजी डेटन येथे तो निवर्तला. तेथील एका शहराला त्याचे नाव आहे.

आमच्या गल्लीत एका वयोवृद्ध स्नेह्यांकडे जुनी गाडी आहे. हिवाळ्यात ते बॅटरी काढून घरात ठेवतात, तेल पातळ वापरतात, रेडिएटरमध्ये ग्लायकॉल घालतात. गेल्या जानेवारीत एका पहाटे मी तेथे उभा होतो. त्यांनी स्विच बंद ठेवूनच हँडलने एंजिनाला चार संथ फेरे दिले, तेल मोकळे केले, हँडल काढून बाजूला ठेवले आणि मग सेल्फ मारला. गाडी लगेच बोलली. मी हँडल हातात घेऊन पाहू लागलो, तसे ते आतूनच ओरडले, मास्तर, अंगठा बाहेर! मी अंगठा बाहेर काढला. गाडी चालू झालेली असल्यामुळे त्याची काही गरज नव्हती, परंतु मला फार बरे वाटले.