गुणसूत्रांचा हिशेब मांडणारे बोव्हेरी

जर्मनीतील बांबर्ग येथे १८६२ साली जन्मलेले थिओडोर बोव्हेरी वुर्झबर्गला प्राध्यापक होते. त्यांचा गाजलेला प्रयोग मात्र नेपल्सच्या सागरी संशोधन केंद्रातला. सी अर्चिन या काटेरी सागरी प्राण्याच्या एकाच अंड्यात त्यांनी दोन शुक्राणू शिरू दिले. अंडे एकदम चार पेशींत विभागले, पण गुणसूत्रांची वाटणी कमी-जास्त झाली. त्या पेशी सुट्या करून वाढवल्या, तर प्रत्येकीची तऱ्हा वेगळी. म्हणजे प्रत्येक गुणसूत्राचे काम निराळे, हे त्यांनी १९०२ मध्ये मांडले. ‘जनुक’ ही संज्ञाही तेव्हा नव्हती! कर्करोगाचे मूळ अशाच बिघडलेल्या वाटणीत असावे, हा अर्चिनच्या अंड्यांवरून सुचलेला तर्क त्यांनी १९१४ च्या पुस्तकात सविस्तर लिहिला. पुढच्याच वर्षी ते वारले. पत्नी आणि सहसंशोधक मार्सेला यांनी ते पुस्तक १९२९ मध्ये इंग्रजीत आणले.