हातचा लिहून ठेवणारा माणूस

पायथॉनच्या प्रॅक्टिकलला स्वतःचा स्टॅक लिहायचा, वर त्याच्या युनिट टेस्टही लिहायच्या म्हटलं की वर्गातून हमखास प्रश्न येतो, कोड चालतोय ना, मग टेस्ट कशाला? पायथॉन जन्मायच्या चाळीसेक वर्षं आधी एका माणसानं या दोन्ही गोष्टींवर डोकं चालवलं होतं. ॲलन ट्युरिंग.

जन्म २३ जून १९१२, लंडन. वडील मद्रास इलाख्यात सनदी अधिकारी. आई-वडील भारतात आणि ॲलन इंग्लंडमध्ये परक्या घरी, असं बरंचसं बालपण गेलं. केंब्रिजला गणित शिकला. १९३६ मध्ये त्यानं कागदावरच एक यंत्र कल्पिलं, तेच आपल्या सिलॅबसमधलं ट्युरिंग मशीन. महायुद्धात जर्मनांच्या एनिग्माचे संदेश फोडण्यात त्याचा मोठा वाटा होता. सिनेमामुळे इतकं बहुतेकांना ठाऊक असतं. आपल्या कामाची गोष्ट त्यानंतरची आहे.

युद्ध संपल्यावर ट्युरिंग एका नव्या कॉम्प्युटरचा आराखडा करत होता. मोठा प्रोग्रॅम छोट्या तुकड्यांत लिहायचा, पण तुकडा संपल्यावर परत कुठे यायचं? त्यानं परतीचे पत्ते एकावर एक रचून ठेवायचं ठरवलं, शेवटी ठेवलेला आधी काढायचा. या क्रियांना त्यानं 'पुरणे' आणि 'उकरणे' अशा अर्थाची नावं दिली होती. आज लिस्टवर अपेंड आणि पॉप करताना आपण हेच करतो.

२४ जून १९४९ ला, सदतिसाव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी, केंब्रिजच्या परिषदेत त्यानं एक छोटासा निबंध मांडला. विषय होता मोठा प्रोग्रॅम बरोबर आहे हे तपासायचं कसं. उदाहरण शाळेतल्या बेरजेचं. नुसतं उत्तर लिहिलं, तर तपासणाऱ्याला अख्खी बेरीज पुन्हा करावी लागते. हातचे लिहून ठेवले, तर प्रत्येक उभी ओळ वेगळी तपासता येते. प्रोग्रॅमचंही तसंच. कुठल्या टप्प्यावर काय खरं असायला हवं, हे लिहिणाऱ्यानंच नोंदवायचं.

ट्युरिंगची तपासणी म्हणजे कागदावरची सिद्धता होती. आपली युनिट टेस्ट निवडक उदाहरणं चालवून बघते, त्यामुळे सगळ्या टेस्ट पास झाल्या म्हणजे कोडमध्ये चूक नाहीच, असं होत नाही. पण मोठा दावा छोट्या दाव्यांत तोडायचा, ही युक्ती दोन्हीकडे एकच. रिकाम्या स्टॅकवर पॉप केलं तर एरर यायलाच हवा. तीन गोष्टी ठेवल्या तर त्या उलट्या क्रमानं बाहेर याव्यात. अशी प्रत्येक टेस्ट म्हणजे लिहून ठेवलेला एक हातचा. उद्या ग्रुपमधल्या दुसऱ्या कुणी कोड बदलला, तर नेमकं कुठे बिघडलं ते लगेच कळतं.

१९५२ मध्ये समलैंगिक संबंधांवरून ट्युरिंगला दोषी ठरवलं गेलं. तुरुंग टाळण्यासाठी त्याला हार्मोनचे उपचार घ्यावे लागले. ७ जून १९५४ ला सायनाइडच्या विषबाधेनं तो गेला. वय अवघं ४१. ब्रिटिश पंतप्रधानांनी जाहीर माफी मागितली २००९ मध्ये, राणीकडून क्षमा मिळाली २०१३ मध्ये.

तो निबंधही विस्मरणात गेला. १९६७ मध्ये रॉबर्ट फ्लॉइड या अमेरिकन संशोधकानं साधारण तीच पद्धत नव्यानं मांडली. ट्युरिंगनं ती १८ वर्षं आधीच लिहून ठेवली होती.