जोसेफ फूरिये

फ्रान्समधील ओसेर गावी १७६८ साली एका शिंप्याच्या घरी जोसेफ फूरिये यांचा जन्म झाला. बालपणीच ते आईबापांवाचून पोरके झाले. परंतु गणिताचा व्यासंग त्यांनी सोडला नाही. पुढे ग्रनोबल येथे सरकारी कारभार सांभाळून ते उष्णतेचा अभ्यास करीत. कोणतीही वेडीवाकडी लाट साध्या, नियमित लाटांच्या बेरजेने मांडता येते, असा त्यांचा सिद्धान्त होता. १८०७ साली तो पॅरिसच्या विद्वत्सभेपुढे येताच लाग्रांजसारख्या थोर गणितज्ञाने आक्षेप घेतला. फूरिये खचले नाहीत. आणखी १५ वर्षांनी, १८२२ मध्ये, त्यांनी आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. १८३० मध्ये त्यांचे निधन झाले. आज संगणक अंकरूप आवाजातून गोंगाट वेगळा काढतो, तो याच सिद्धान्ताच्या आधारे.