सरफोजी राजे : गादी मिळाली, राज्य गेले

तमिळनाडूतील कुंभकोणमपासून सुमारे आठ किलोमीटरवर तिरुविडैमरुदूर हे गाव आहे. त्याचे जुने नाव मध्यार्जुन. तंजावरच्या गादीवरून दूर केलेले अमरसिंह भोसले यांनी आयुष्याची अखेरची वर्षे येथे काढली. १८०२ मध्ये त्यांचे निधन झाले. ज्यांच्यासाठी त्यांना गादी सोडावी लागली, ते दुसरे सरफोजी राजे त्याआधी स्वतः पाच वर्षे तंजावरबाहेर होते.

सरफोजींचा जन्म २४ सप्टेंबर १७७७ रोजी भोसले कुळातच झाला. तंजावरचे राजे दुसरे तुळजाजी यांनी त्यांना १७८७ मध्ये दत्तक घेतले आणि त्याच वर्षी तुळजाजी निवर्तले. निधनापूर्वी त्यांनी या मुलाची काळजी जर्मन धर्मोपदेशक श्वार्ट्झ यांच्यावर सोपविली होती. मात्र मद्रासचे गव्हर्नर आर्किबाल्ड कॅम्पबेल यांनी पंडितांचे मत घेतले. मुलाचे वय, तसेच जन्मदात्याचा तो एकुलता एक पुत्र असणे, अशा कारणांवरून दत्तक अमान्य ठरले आणि तुळजाजींचे सावत्र बंधू अमरसिंह गादीवर आले.

राजवाड्यात सरफोजींचे हाल होत असल्याच्या तक्रारी श्वार्ट्झ यांनी कंपनी सरकारकडे केल्या. अखेर १७९३ मध्ये सरफोजी आणि तुळजाजींच्या राण्यांना मद्रासला हलविण्यात आले. परागंदा अवस्थेतील या काळात त्यांचे शिक्षण मात्र थांबले नाही. दत्तकाचा प्रश्न पुन्हा निघाला, बंगाल व काशीच्या पंडितांना विचारण्यात आले आणि या वेळी निर्णय सरफोजींच्या बाजूने लागला. शास्त्र तेच होते आणि विचारणारी सत्ताही तीच. २९ जून १७९८ रोजी सरफोजी तंजावरच्या सिंहासनावर बसले. श्वार्ट्झ यांचे त्याच वर्षी फेब्रुवारीत निधन झाले होते. तो दिवस पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

हा आनंद सोळा महिनेच टिकला. २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला. राजांकडे तंजावरचा किल्ला, वर्षाला एक लाख स्टार पॅगोडा आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा उरला. गादी परत मिळाल्याचे मोल राज्याने चुकवावे लागले, असेच म्हणावे लागेल.

बावीस वर्षांच्या या राजाने उरलेली शक्ती विद्येकडे वळविली. सरस्वती महाल ग्रंथालयासाठी हस्तलिखिते जमविली, काशीयात्रेतही हा संग्रह वाढविला. देवनागरी छापखाना काढला. तेथून १८०६ मध्ये 'बालबोध मुक्तावली' हे मराठी पुस्तक निघाले. धन्वंतरी महालात औषधांवर काम चाले. नेत्ररुग्णांच्या उपचारांच्या सचित्र नोंदी आजही उपलब्ध आहेत. गुरूच्या स्मरणार्थ त्यांनी इंग्रज शिल्पकार फ्लॅक्समन यांच्याकडून संगमरवरी स्मारक घडवून घेतले; तंजावरच्या चर्चमध्ये ते आहे.

सत्ता गेल्यानंतर चारच वर्षांनी, १८०३ मध्ये, त्यांनी बृहदीश्वर मंदिराच्या आवारातील भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला. महसूल कंपनीचा झाला, तरी वंशाची कथा सांगण्याचा अधिकार त्यांनी स्वतःकडेच ठेवला.

७ मार्च १८३२ रोजी सरफोजींचे निधन झाले. त्यांचे पुत्र शिवाजी १८५५ मध्ये पुरुष वारसाविना निवर्तले आणि कंपनीने तंजावरची गादीच संपुष्टात आणली. त्या वेळी मात्र कोणत्याही पंडिताचे मत उपयोगी पडले नाही.